अडॉल्फ सुट्रो: बोगदा खणणारा महापौर

दर्याकिनारी

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला, लँड्स एंडच्या कड्याखाली, समुद्राला खेटून काँक्रीटच्या टाक्यांचे पडके अवशेष आहेत, ते सुट्रो बाथ्सचे. बे एरियात राहणारे किंवा मुलांकडे सुट्टीला आलेले बरेच मराठी लोक तिथे जाऊन आलेले असतात. शहराच्या मधोमध टेकडीवर तीन पायांचा उंच मनोरा आहे, तो सुट्रो टॉवर. त्याला लागून निलगिरीचं रान असलेली टेकडी म्हणजे माउंट सुट्रो. ही सगळी नावं एकाच माणसाची. त्याच्याबद्दल सहसा एवढंच सांगितलं जातं की तो फार श्रीमंत होता, त्याने प्रचंड तरणतलाव बांधला आणि दोन वर्षं तो शहराचा महापौर होता. मला हे अपुरं वाटतं. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या कामात घातली ते सिएरा नेवाडाच्या पलीकडे एका डोंगराच्या पोटात आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय महापौर सुट्रो कळत नाही. म्हणून हा धागा.

अडॉल्फ सुट्रो १८३० साली प्रशियातल्या आखेन गावी जन्मला. ज्यू कुटुंब, लोकरी कापडाचा कारखाना. वडील लवकर गेले, कारखान्याचा भार कोवळ्या वयात अंगावर आला, आणि १८४८ च्या उठावांत धंदा बसला. १८५० मध्ये आई आणि भावंडांसह अमेरिकेत आला. घरचे बाल्टिमोरला राहिले, हा एकटा पनामामार्गे सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. वय वीस. सोन्याच्या मागे धावण्याऐवजी त्याने सिगार आणि तंबाखूची दुकानं टाकली. दहा वर्षं त्यातच गेली.

१८५९ मध्ये नेवाडात व्हर्जिनिया सिटीजवळ चांदीचा अफाट साठा सापडला. त्याला कॉमस्टॉक लोड म्हणतात. पुढच्याच वर्षी सुट्रो तिथे जाऊन आला आणि त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. खाणी ज्या पद्धतीने खणल्या जात होत्या ती त्याला पटली नव्हती. जो तो आपापल्या हद्दीत सरळ खाली खड्डा नेत होता. खोल जाल तसं पाणी लागणार, हवा कोंडणार, आणि खनिज वर ओढायचा खर्च वाढत जाणार हे त्याला दिसत होतं. त्याचा उपाय असा: डोंगराच्या पायथ्याशी, कार्सन नदीच्या खोऱ्यातून, जवळपास चार मैलांचा आडवा बोगदा खणायचा आणि तो सगळ्या खाणींच्या खाली, सुमारे १६५० फूट खोलीवर नेऊन भिडवायचा. पाणी आपोआप उताराने बाहेर येईल, ताजी हवा आत जाईल, खनिज गाड्यांतून थेट नदीकाठच्या गिरण्यांत जाईल. आणि आत आग लागली तर माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट मिळेल.

आधी त्याने डेटनला खनिज दळून त्यातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढायची गिरणी चालवली, त्यातून अनुभवही मिळाला आणि थोडा पैसाही. १८६५ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने बोगद्याचा परवाना दिला. १८६६ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने खास कायदा केला. बोगद्याचा लाभ घेणाऱ्या खाणींनी दर टन खनिजामागे कंपनीला रॉयल्टी द्यावी, असं ठरलं. तो दर होता टनाला २ डॉलर. खाणींनी करारही केले.

आणि मग सगळं फिरलं. कॉमस्टॉकवर खरी सत्ता बँक ऑफ कॅलिफोर्नियाची होती. सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम राल्स्टन, व्हर्जिनिया सिटीत त्याचा माणूस विल्यम शॅरन. बँक गिरण्यांना सढळ हाताने कर्ज देई, हप्ते थकले की गिरणी ताब्यात घेई. लवकरच गिरण्या त्यांच्या, पुढे व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेही त्यांची. बोगदा झाला तर खनिज खालच्या वाटेने जाणार, व्हर्जिनिया सिटीचं महत्त्व कमी होणार, गिरण्या आणि रेल्वे दोन्हीला धक्का बसणार. बँकेने हात काढला तसे खाणमालक करारांवरून फिरले. ज्यांनी सुट्रोला शिफारसपत्रं दिली होती त्यांनीच वॉशिंग्टनला त्याच्याविरुद्ध माणसं धाडली. कॅलिफोर्नियात कुणी त्याला पैसा देईना, न्यूयॉर्कला देईना, युरोपातही दारं बंद झाली.

७ एप्रिल १८६९ ला सकाळी गोल्ड हिलच्या यलो जॅकेट खाणीत आग लागली. लाकडी टेकू पेटले, धूर शेजारच्या खाणींत शिरला. वर यायची एकच वाट होती. किमान ३५ माणसं मेली. सुट्रो गेली काही वर्षं जे बजावत होता ते सगळ्यांसमोर घडलं.

त्या वर्षी त्याने व्हर्जिनिया सिटीच्या ऑपेरा हाऊसमध्ये खाणकामगारांपुढे भाषण केलं. बँकेच्या माणसांची नावं घेऊन, मालक तुमच्या जिवाशी खेळतायत हे स्पष्ट सांगितलं. खाणीत होरपळणारी माणसं एका बाजूला आणि बोगद्यातून चालत बाहेर पडणारी दुसऱ्या बाजूला, अशी चित्रं छापून वाटली. कामगार संघटनेने ५०,००० डॉलर उभे केले. मजुरी करणाऱ्यांनी दिलेले पैसे! मोठ्या भांडवलदारांनी नाकारलेल्या कामाचा पहिला आधार हा होता. १९ ऑक्टोबर १८६९ ला कुदळ पडली.

पुढची नऊ वर्षं मोठी आहेत. पैशासाठी पुन्हा वॉशिंग्टन, पुन्हा लंडन. १८७२ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे स्वतःची बाजू स्वतःच मांडली. लंडनच्या मॅकलमॉन्ट बँकेने अखेर पैसा पुरवला. सुरुवातीला हाताने छिन्नी-हातोडा, नंतर दाबलेल्या हवेवर चालणारी बर्ली ड्रिल यंत्रं. शेवटच्या टप्प्यात आतली हवा इतकी तापली आणि कोंदटली की माणसं थोड्या थोड्या वेळाने बदलावी लागत. ८ जुलै १८७८ ला बोगदा सॅव्हेज खाणीला भिडला. लांबी २०,४८९ फूट. शेवटचा सुरुंग फुटल्यावर त्या खडबडीत भोकातून सुट्रो स्वतः रांगत पलीकडे गेला.

तोवर कॉमस्टॉकचा बहर ओसरला होता. १८७३ मध्ये सापडलेला 'बिग बोनान्झा' हा चांदीचा मोठा साठा उपसून झाला होता आणि बऱ्याच खाणी बोगद्याच्या पातळीच्याही खाली पोचल्या होत्या. पाण्याचा निचरा बोगद्याने उत्तम केला, पण रॉयल्टीचं गणित जमलं नाही. सुट्रोने आपले शेअर विकले आणि सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

हा पैसा त्याने शहराच्या पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांत घातला. त्या काळी तिथे कुणी राहत नव्हतं. काही वर्षांत शहराच्या जमिनीचा सुमारे बारावा हिस्सा त्याचा झाला. समुद्रावरच्या कड्यावर घर बांधलं, भोवती बाग केली, पुतळे बसवले आणि ती बाग लोकांना खुली ठेवली. खालचं क्लिफ हाऊस हे उपाहारगृह विकत घेतलं. ते १८९४ च्या नाताळात जळालं तेव्हा त्या जागी मनोऱ्यांची भव्य इमारत उभी केली. आणि सुट्रो बाथ्स: सात तलाव, त्यातले सहा खाऱ्या पाण्याचे, वर काचेचं छप्पर, एका वेळी दहा हजार माणसं मावतील एवढी जागा. भरतीच्या पाण्याने तलाव भरायची योजना त्याचीच. समुद्राच्या लाटेला आत घेऊन टाकीत साठवायची, तिथून कालव्याने तलावांत सोडायची. बोगदा करणाऱ्या माणसाच्या हातचं काम आहे हे. पाण्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाहू द्यायचं आणि पंपाचा खर्च वाचवायचा.

लोकांना तिथे पोचवणारी रेल्वे मात्र सदर्न पॅसिफिकच्या हातात होती आणि ती दहा सेंट भाडं घेई. कामगाराच्या कुटुंबाला रविवारी समुद्रावर जायचं तर येण्याजाण्याचं भाडंच परवडत नसे. सुट्रोने पाच सेंटची मागणी लावून धरली. कंपनी ऐकेना तेव्हा आगगाडीने येणाऱ्यांना आपल्या जागेत येण्यापासून अडवलं, आणि शेवटी स्वतःची विजेची ट्राम टाकली. ती १८९६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, मार्चमध्ये बाथ्स उघडले.

याच भांडणावर तो १८९४ ची निवडणूक जिंकला. शहरातल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक, आणि उमेदवारी शेतकरी-कामगारांच्या पॉप्युलिस्ट पक्षाची. लोकांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण रेल्वेला भिडणारा दुसरा कुणी समोर नव्हता. पण १८९५ ते १८९७ ही महापौरपदाची दोन वर्षं मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत कोरडी वाटतात. हाताखाली शेकडो माणसं ठेवून बोगदा काढणाऱ्याला बारा सुपरवायझरांकडून (आपल्याकडच्या नगरसेवकांसारखे) एक ठराव करून घेता येईना. त्याला दोनच गोष्टी येत होत्या: हुकूम देणं आणि लोकांना पेटवणं. सभागृहात या दोन्हींचा उपयोग कमी. पद सोडताना तो खचलेला होता. पाठोपाठ प्रकृती ढासळली, स्मृती गेली, आणि ८ ऑगस्ट १८९८ ला तो वारला.

आणखी माहिती असणाऱ्यांनी जरूर भर घाला.

खाणवाट

सुरेख लिहिलंय. मी कोळशाच्या भूमिगत खाणीत बरीच वर्षं काढली, त्यामुळे बोगद्याचा भाग दोनदा वाचला. एक तांत्रिक बाब जोडतो.

खाणीत पाणी हा कायमचा शत्रू. दोन हजार फुटांवरून पाणी वर चढवायला लागणारी शक्ती, त्यासाठी वाफेचे इंजिन, इंजिनाला लाकूडफाटा, आणि पंपाच्या लांबच लांब दांड्या. कॉमस्टॉकला हे फार महाग पडलं, आजूबाजूचे डोंगर उघडे झाले. बोगदा झाल्यावर फरक असा पडतो की खाण बोगद्यापेक्षा खोल गेली तरी पाणी जमिनीपर्यंत चढवावं लागत नाही, फक्त बोगद्याच्या पातळीपर्यंत आणलं की पुढे उताराने जातं. वरचे १६५० फूट कायमचे वाचले. त्यामुळे 'उशिरा झाला म्हणून निरुपयोगी' हे जे सरसकट लिहिलं जातं ते मला मान्य नाही. रोज लाखो गॅलन पाणी या बोगद्याने वाहून नेलं.

दुसरं म्हणजे तिथलं पाणी नुसतं पाणी नव्हतं, अंग भाजेल इतकं गरम पाणी होतं. खोलवरच्या कामगारांना पाळीत बर्फ वाटला जाई. थोडा वेळ काम, मग बर्फाच्या खोलीत विसावा, असं चाले. आम्ही उष्णता आणि आर्द्रता मोजून पाळ्या ठरवतो. तिथे माणूस कोसळला की पाळी संपली असं समजत. हे कळल्यावर कामगारांनी पदरचे ५०,००० डॉलर का दिले हे वेगळं सांगायला नको.

आणि खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत, हा आज सुरक्षेचा पहिला धडा आहे. १८६० च्या दशकात हा माणूस तो सांगत होता, याबद्दल त्याला मनापासून नमस्कार.

रानफूल

दर्याकिनारी, लेख आवडला. एक शंका आहे. सुट्रोला इंजिनिअर म्हणता येईल का? तंबाखूचा व्यापारी होता, पदवी नाही. बोगद्याची आखणी त्याने केली की नेमलेल्या लोकांनी?

दर्याकिनारी

खाणवाट, तुमच्यासारख्याने हे लिहिलं याचा फार आनंद झाला. १८७९ च्या फेब्रुवारीत जे घडलं त्याने तुमचं म्हणणं पक्कं होतं. रॉयल्टीची बोलणी अडली होती, खाणमालक बोगदा वापरणार नाही म्हणत होते. मग खाणीत पाणी भरलं आणि त्यांनीच ते पंपाने बोगद्यात सोडलं. आत काम करणारी सुट्रोची माणसं जीव घेऊन पळाली. त्यानंतर त्याच वर्षी करार झाला. ज्याला निरुपयोगी ठरवलं तोच बोगदा अडचणीत पहिल्यांदा आठवला.

रानफूल, पदवी नव्हती हे खरं. पण त्या काळात अमेरिकेत खाणकामातले निम्म्याहून जास्त कर्तबगार लोक हातानेच शिकलेले असणार. प्रत्यक्ष मोजणी आणि खोदकामावर देखरेख करायला त्याच्याकडे प्रशिक्षित इंजिनिअर होते. मूळ कल्पना, जागा, पातळी आणि सगळ्या खाणींना एकच निचरा देण्याचा विचार त्याचा. आणि तो स्वतःच्या शब्दावर विसंबून राहिला नाही. फर्डिनंड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूशास्त्रज्ञाकडून त्याने कॉमस्टॉकची पाहणी करवून घेतली आणि चांदीची शीर खोलवर जाते का यावरचा त्याचा अहवाल १८६६ मध्ये कंपनीतर्फे छापला. याच रिश्टहोफेनने पुढे चीनचा अभ्यास केला आणि 'रेशीम मार्ग' हे नाव रूढ केलं. सुट्रोची पारख कशी होती ते यातून दिसतं. ज्याला प्रश्न नीट मांडता येतो, योग्य माणसांकडून उत्तर तपासून घेता येतं आणि नऊ वर्षं डोंगरात उभं राहून ते उतरवता येतं, त्याला मी इंजिनिअर म्हणतो.

पेठकर_आजोबा

महापौरपदाची दोन वर्षं कोरडी, असे लिहिले आहे. त्यावर थोडे वेगळे म्हणायचे आहे.

आपल्याकडे मुंबई-पुण्याला महापौर हा सभागृहाचा अध्यक्ष आणि शहराचा पहिला नागरिक. खरा कारभार आयुक्तांच्या सहीने चालतो. तिथे निवडून गेलेल्या कर्तबगार माणसांनाही पदाच्या मर्यादेत घुसमटताना आम्ही पाहिले आहे. त्या वेळच्या सॅन फ्रान्सिस्कोत महापौराच्या हाती काय होते, हे पाहिल्याशिवाय त्याला अपयशी म्हणू नये. दोष माणसाचा की पदाचा?

दर्याकिनारी

आजोबा, प्रश्न नेमका आहे आणि उत्तर बरंचसं तुमच्या बाजूने जातं. शहर तेव्हा १८५६ च्या कायद्यावर चालत होतं. महापौराला नकाराधिकार होता, पण पैसा, कंत्राटं आणि परवाने बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या हाती. रेल्वे, गॅस, पाणी या कंपन्यांना ज्यांची मर्जी लागे ते सुपरवायझर. सुट्रोनंतर महापौर झालेल्या जेम्स फेलनने आधी नवी सनद आणण्यावर जोर दिला. ती १८९८ मध्ये मंजूर झाली, १९०० पासून लागू झाली आणि महापौराचे अधिकार खूप वाढले. म्हणजे पदात खोट होती हे शहराने दोन-तीन वर्षांतच मान्य केलं.

तरीही माणसाकडे बोट जातंच. फेलनने मंडळी जोडली, समित्या केल्या, वर्तमानपत्रं बरोबर घेतली. सुट्रोला जोडणं जमत नसे. आपण नेहमी माणसांना हुकूम देत आलो, राजकारण्यांना तसं हाकता येत नाही, अशा अर्थाचं तो स्वतःच बोलला होता. नेवाडातून सिनेटमध्ये जायचा प्रयत्न त्याने केला तोही याचमुळे फसला असं मला वाटतं. तेव्हा सिनेटर विधिमंडळ निवडत असे, लोक नव्हे. १८७५ मध्ये ती जागा त्याच शॅरनला मिळाली.

पण त्या दोन वर्षांत एक लढाई त्याने शहराबाहेर जिंकली. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने (सदर्न पॅसिफिकच्याच मालकांची ही कंपनी) १८६० च्या दशकात सरकारकडून घेतलेल्या प्रचंड कर्जाची मुदत भरत आली होती. त्या मालकांपैकी एक असलेल्या कॉलिस हंटिंग्टनला ती फेड नाममात्र व्याजावर कित्येक दशकं पुढे ढकलून हवी होती. सुट्रोने महापौर म्हणून आणि पदरचा पैसा घालून त्याविरुद्ध मोहीम उघडली. काँग्रेसच्या सदस्यांना पत्रं पाठवली. पाकिटांवर छापलेलं वाक्य असं: हंटिंग्टन लाल तापलेली शेगडी काही चोरणार नाही. (बाकी सगळं चोरेल, हा अर्थ वाचणाऱ्याला लगेच कळायचा.) जानेवारी १८९७ मध्ये विधेयक पडलं आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. १८९९ मध्ये तडजोड होऊन हप्ते ठरले आणि १९०९ पर्यंत सगळं कर्ज फिटलं. हे यश त्याचं एकट्याचं नव्हे, वर्तमानपत्रांनीही जीव तोडून काम केलं. पण सभागृहात हरणारा माणूस लोकांच्या मैदानात अजून जिंकत होता, हे त्यातून दिसतं.

तिसरा_प्रहर

माझा सूर वेगळा आहे, राग मानू नका.

सुट्रोला मक्तेदारीचा शत्रू म्हणून रंगवलं जातं. शहराचा बारावा हिस्सा एका माणसाच्या नावावर असणं ही मक्तेदारी नव्हे का? ट्राम पाच सेंटची व्हायला हवी, पण ट्राम ज्या तलावांपाशी पोचते ते त्याचे, उपाहारगृह त्याचं, वाटेतली वाळू त्याची. स्वस्त भाड्याने जमिनीचा भाव वाढतो आणि तो भाव त्यालाच मिळणार होता. बोगद्याचंही तसंच. कामगारांच्या पैशाने सुरू केला, भाव बरा होता तेव्हा स्वतःचे शेअर विकून मोकळा झाला, मागे राहिलेल्यांच्या हाती पुढे फारसं काही लागलं नाही.

आणि जॉन हॅरिस. १८९७ च्या जुलैमध्ये हा कृष्णवर्णीय माणूस तिकीट काढून सुट्रो बाथ्समध्ये गेला. त्याला पोहायला मनाई केली. पुन्हा गेला, पुन्हा मनाई. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सार्वजनिक जागांत वर्णभेदाला बंदी घालणारा डिबल कायदा झाला होता. हॅरिसने त्याखाली सुट्रोवर दावा लावला आणि जिंकला. न्यायालयाने त्याला १०० डॉलर भरपाई दिली. 'लोकांसाठी' बांधलेल्या जागेत लोक म्हणजे कोण, हे धाग्यात यायलाच हवं.

रानफूल

तिसरा_प्रहर यांच्या हॅरिसबद्दलच्या भागाशी पूर्ण सहमत. १८९७ मध्ये एक साधा माणूस शहराच्या माजी महापौराला कोर्टात खेचतो आणि जिंकतो, याला केवढं धैर्य लागलं असेल. तलाव बांधणाऱ्याचं नाव टेकडीला मिळालं. हॅरिसचं नाव आपल्यातल्या कितीजणांनी ऐकलं होतं?

दर्याकिनारी

राग कसला, हे इथे येणं गरजेचं होतं.

हॅरिसच्या प्रकरणाचा बचाव मी करणार नाही. त्या वेळी सुट्रो थकलेला होता आणि बाथ्सचा रोजचा कारभार घरच्यांकडे होता असं म्हणता येईल, पण धोरण त्याच्या मालकीच्या जागेचं होतं आणि ते लाजिरवाणं होतं. स्वतः ज्यू, स्वतः परका म्हणून आलेला, त्याच्या दारात माणसाला कातडीवरून थांबवलं गेलं. मला त्याच्याबद्दल आदर आहे म्हणूनच हे जास्त टोचतं.

शेअर विकण्याबद्दलही तुमचा मुद्दा खरा आहे. वीस वर्षं त्यात घातलेल्या माणसाने वेळ ओळखून बाहेर पडावं हे समजतं, पण ज्या मजुरांनी पहिला पैसा दिला त्यांना तशी वेळ ओळखायची सोय नव्हती.

जमिनीबद्दल मात्र मी वाद घालेन. राल्स्टन-शॅरनची मक्तेदारी दुसऱ्याची वाट अडवून जगत होती. सुट्रोने वाळू विकत घेतली, झाडं लावली, बाग उघडी ठेवली. नफा त्यालाही हवा होता, कुणाला नको असतो? फरक हा की त्याच्या नफ्यासाठी लोकांनी स्वस्तात समुद्रावर यायला हवं होतं आणि रेल्वेच्या नफ्यासाठी त्यांनी महागात यायला हवं होतं. शहराच्या बाजूने पाहिलं तर हा फरक छोटा नाही. शिवाय १८९५ मध्ये त्याने टेकडीच्या उतारावरची १३ एकर जागा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी दिली. आज तिथे यूसीएसएफचं (त्या विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचं) रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे.

ग्रंथवेडी

ग्रंथालयाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सुट्रोने १८८० च्या दशकात युरोपात माणसं पाठवून आणि स्वतः फिरून पुस्तकं जमवली. जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठाचा संग्रह, बव्हेरियाच्या राजग्रंथालयातल्या जादा प्रती, मेक्सिकोतल्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याचा अख्खा साठा. दोन लाखांहून जास्त पुस्तकं, त्यात पंधराव्या शतकात छापलेली हजारो. सगळं सार्वजनिक अभ्यासासाठी ग्रंथालय काढायचं म्हणून. इमारत होण्याआधीच तो गेला. पुस्तकं शहरात दोन ठिकाणी ठेवलेली होती. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्यातलं एक ठिकाण जळालं आणि निम्म्याहून जास्त संग्रह राख झाला. वारसांनी उरलेला भाग १९१३ मध्ये राज्य ग्रंथालयाला दिला, अट एकच: तो सॅन फ्रान्सिस्कोतच राहिला पाहिजे. आज तो सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे आणि कुणालाही जाऊन वाचता येतो.

पंधराव्या शतकातली पुस्तकं वखारीत जळाली हे वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. इमारत आधी का नाही बांधली, हा प्रश्न मनातून जात नाही.

सनसेटवासी

मी त्याच वाळूच्या टेकड्यांवर वसलेल्या भागात राहतो, म्हणून वर्तमानातलं थोडं. माउंट सुट्रोवरची निलगिरी त्याने लावलेली. ही झाडं इथली नव्हेत, ऑस्ट्रेलियातली. ती वठत चालली आहेत, वणव्याची भीती आहे, म्हणून काही काढून इथली मूळची झाडं लावावीत असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते की धुक्यात उभं राहिलेलं हे रानच आता इथलं झालं. यावर शहरात वर्षानुवर्षं वाद चाललाय.

दर्याकिनारी, त्याच्या मृत्यूनंतर एवढ्या जमिनीचं काय झालं?

दर्याकिनारी

ग्रंथवेडी, अनेक आभार. इमारतीचं उत्तर मला वाटतं असं: जागा, बाथ्स, ट्राम, क्लिफ हाऊस हे सगळं त्याने एकदमच काढलं आणि शेवटी रोख पैसा कमी पडत गेला. जमीन अमाप, हातात पैसे नाहीत, अशी अवस्था होती.

सनसेटवासी, जमिनीची कथा त्याच्या थोरल्या मुलीची आहे. एमा सुट्रो मेरिट. कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. १८९८ च्या सुरुवातीला वडिलांची बुद्धी चालेनाशी झाली तेव्हा न्यायालयाने तिला पालक नेमलं. मृत्युपत्रात बऱ्याच जमिनी सार्वजनिक कामासाठी राखल्या होत्या, भावंडांनी ते आव्हानात नेलं, आणि न्यायालयात ते टिकलं नाही. खटले संपून जमीन विकायला १९१० च्या आसपासचा काळ उजाडला. फॉरेस्ट हिल, सेंट फ्रान्सिस वुड, वेस्टवुड पार्क या वस्त्या त्या निलगिरीच्या रानावर उठल्या. १९१८ मध्ये ट्विन पीक्सखालून ट्रामचा बोगदा सुरू झाला आणि पश्चिमेचं शहर खऱ्या अर्थाने वसलं.

एमा कड्यावरच्या घरात १९३८ मध्ये मरेपर्यंत राहिली. घर पुढच्या वर्षी पाडलं, बाग सार्वजनिक उद्यान झाली. मनोऱ्यांचं क्लिफ हाऊस १९०६ च्या भूकंपातून वाचलं आणि १९०७ मध्ये आगीत गेलं. बाथ्स कधीच फारसे फायद्यात चालले नाहीत. मध्ये बर्फावर घसरायची रिंक करून पाहिली, शेवटी पाडकाम चालू असतानाच १९६६ मध्ये तेही जळाले. आता ती जागा राष्ट्रीय उद्यानात आहे, तिकीट नाही.

खाणवाट, नेवाडात डेटनजवळ बोगद्याचं तोंड अजून उभं आहे आणि काही मंडळी त्याची डागडुजी करतायत. कधी इकडे आलात तर आपण बरोबर जाऊ. आत काय पाहायचं ते तुम्हीच मला समजावून सांगा.